मिठाचा पहिला घास

एका राज्यात नदी गोठली ती गोठलीच. जुन्या राजाने आपल्या राजमांत्रिकाला भर दरबारात हसून हाकलले. मांत्रिक म्हणाला, “परक्या मुलखातले माणूस या गादीवर बसेपर्यंत हे पाणी हलणार नाही.” मग तो पांढरा कावळा झाला आणि राजवाड्याच्या घुमटावर जाऊन बसला. राजा मेला, तरी कावळा उठला नाही. लोक बर्फ फोडून मासे धरीत आणि गव्हाची नुसती आठवण काढीत.

त्या राजाच्या घरी परमुलखातून ऑटिलिया नावाची सून आली. माहेर इवलेसे, तिथे एका बुरुजावर शिंकले तर शेजारच्या राज्यात ऐकू जाई. नवरा राजा ग्लेब मनाचा वाईट नव्हता, पण दिवसभर गालिच्यावर लाकडी शिपाई मांडून लढाया खेळे. कारभार सगळा त्याच्या आईच्या, राजमाता प्रास्कोव्याच्या हाती.

यथाकाळ मुलगा झाला. नाव मात्वेई. आता त्या मुलखात एक चाल होती. मिठात बुडवलेल्या काळ्या पावाचा पहिला घास बाळाला जो भरवील, बाळ त्याचे. हे परक्या सुनेला कोणी सांगितले नाही. उष्टावणाच्या दिवशी राजमाता गोड हसून म्हणाली, “सूनबाई, तू दमलीस. घास मी भरवते.”

सासूचा मान राखावा, एवढेच त्या पोरीला माहेरी शिकवले होते. तिने बाळ पुढे केले. घास पोटात गेला आणि बाळाने आईकडून तोंड फिरवले. राजमातेने त्याला पलीकडच्या महालात नेले, आणि दाराच्या जागी भिंत उभी राहिली. एखाद्या दासीने नुसती डोळ्यांनी खूण केली असती तरी चालले असते! पण सगळ्या आपल्या खाली बघत राहिल्या.

ऑटिलिया घुमटाखाली गेली.

“कावळोबा, माझे मूल मला परत हवे.”

“वाटा दोन आहेत,” कावळा म्हणाला. “त्या भिंतीशी बस आणि रोज त्याला हाक मार. वर्षे लागतील, पण भिंत विरघळेल आणि मूल आपल्या पायांनी येईल. नाहीतर गादी घे. गादीचा शब्द भिंतही मोडीत नाही.”

“गादी घेतली तर मूल मिळेल?”

“हुकमाने जे मिळते ते सगळे मिळेल.”

कावळा खोटे बोलला नाही. तिनेच नीट ऐकले नाही. आईचा जीव उतावळा. तिने गादी मागितली. कावळ्याने तीन कामे सांगितली.

पहिले काम, मायबोली देऊन टाकणे. तिने ओठ उघडले. अंगाईपासून शिवीपर्यंत सगळे शब्द भुर्रकन उडून त्याच्या चोचीत गेले. तिला वर्वारा हे नवे नाव मिळाले, आणि त्या देशाची भाषा ती तिथल्या लोकांहून चांगली बोलू लागली.

दुसरे काम, पहारेकऱ्यांची मने जिंकणे. ती त्यांच्या शेकोटीशी बसली, त्यांचे माशांचे कालवण जेवली, त्यांच्या म्हाताऱ्यांची विचारपूस केली. होता होता उभ्या फौजेचे भाले आपोआप तिच्याकडे कलू लागले. खरे सांगू? गादीची गोडी तिला इथेच लागली. भिंतीपलीकडे आधी बाळ रडत होते, मग ते हसायला लागले, मग बोलायला. आणि वर्वारा तेव्हा छावणीत होती.

तिसरे काम, नवऱ्याच्या डोक्यावरचा मुकुट आपल्या हाताने काढणे. ग्लेब गालिच्यावरच बसला होता.

“न्या, राणीसाहेब, जडच आहे,” तो म्हणाला. “माझे शिपाई तेवढे राहू द्या.”

“राहतील,” ती म्हणाली.

त्याला दूरच्या गढीत ठेवले. थोड्याच दिवसांत तो वारल्याचा निरोप आला. कसा वारला, हे पहारेकऱ्यांनी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. तिचे ते न विचारणे मला फार लागते.

वर्वारा गादीवर बसली. बर्फ तोफेसारखे कडाडले आणि नदी वाहू लागली. कावळ्याचा मांत्रिक झाला आणि निमूट आपल्या कामाला लागला. राजमाता मठात गेली. शेतांत गहू उभा राहिला, आणि लोक राणीला माउली म्हणू लागले.

मग तिने भिंतीला हुकूम केला. भिंत बाजूला झाली. मात्वेई बाहेर आला. तो तिच्या खांद्याला लागत होता. त्याने रीतसर गुडघा टेकला.

“जवळ ये.” तो आला.

“बैस.” तो बसला.

“तुला कधी माझी आठवण आली?”

“महाराणी म्हणतील तसे.”

तिने सगळ्या दरबाराला बाहेर घालवले. अख्ख्या राज्यात तिचा शब्द खाली पडत नव्हता, पण आता ती गादीवरून खाली उतरली.

“बाळा, मला एकदा आई म्हण.”

मुलाने अदबीने मान लववली.

“जशी आज्ञा, आई.”

तिचे राज्य पुष्कळ वर्षे चालले, आणि चांगले चालले. तिला मिळाली तशी गादी तुम्हांआम्हांला न मिळाली तरी चालेल. पोराची हाक तेवढी न मागता मिळो.