आठल्येसरांची राखाडी भुकटी

एका खाडीकाठच्या गावात एक रसायनशाळा होती. बैठी, कौलारू, बाहेरून पाहिली तर एखाद्या शाळेसारखी. आत मात्र दिवसभर काचेची भांडी किणकिणत असत. तिथले मुख्य होते डॉक्टर मोरेश्वर आठल्ये. सारा गाव त्यांना आठल्येसर म्हणे. त्यांच्या हाताखाली शमीम मुकादम नावाची एक संशोधक होती. हात कुशल, डोकं तल्लख, पण स्वभाव असा की घटकाभर एका जागी बसेल तर शपथ.

सरांनी उभं आयुष्य एकाच कामात घातलं होतं. ते काम म्हणजे ॲनहायड्राइड बनवणं. आम्लातलं पाणी काढून घेतलं की जे उरतं, ते ॲनहायड्राइड. आम्लाचे दोन हात जवळ येतात, त्यांच्यामधून पाण्याचा एक कण निसटतो आणि हात जुळतात. रंगाला लागतं, रोगणाला लागतं, आणखी कितीतरी गोष्टींना लागतं. सांगायला सोपं, करायला महाकठीण. पाणी सहजी जात नाही, आणि गेलं तरी हवेतून परत येऊन बसतं. खाडीकाठच्या दमट हवेत तर विचारूच नका.

हे पाणी काढायच्या जुन्या पद्धती पुष्कळ होत्या. कुणी पाणी शोषणारी जहाल पूड घाली. कुणी आम्लाचं आधी क्लोराइड करी आणि मग आम्लाच्याच क्षाराशी त्याची गाठ घाली. त्या क्लोराइडचा धूर नाकाडोळ्यांना झोंबे. कुणी दुसरं एखादं तयार ॲनहायड्राइड घालून अदलाबदल करी. कुणी नुसतं तापवी, पण त्याला इतकी आच लागे की निम्मा माल करपून जाई.

सरांना सौम्य वाट हवी होती. शोधता शोधता त्यांना एक राखाडी भुकटी सापडली. दोनतीन धातूंचे क्षार मिसळून ती केलेली होती. थॅलिक नावाच्या आम्लात चिमूटभर भुकटी घालायची, मंद आचेवर ठेवायचं आणि कोरडी हवा सोडत राहायचं. हळूहळू भांड्याच्या वरच्या थंड काचेवर पांढऱ्याशुभ्र सुया जमत. तेच ॲनहायड्राइड. ना धूर, ना करपणं. सरांचं नाव दूरवर गेलं.

शमीमला सरांनीच उभं केलं होतं. लग्नानंतर तिचं शिक्षण सुटलं होतं. पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर तिला पुन्हा काम करावंसं वाटलं, तेव्हा सगळीकडून एकच उत्तर आलं, "आता उशीर झाला." सरांनी मात्र तिला एवढंच विचारलं होतं, "भांडी नीट धुता येतात ना? मग बाकीचं शिकशील." तेव्हापासून तिच्या मनात सरांची जागा वडिलांच्या शेजारी होती.

गावात लीलाधर शेट्ये यांचा रंगाचा कारखाना होता. शेट्यांनी सरांची पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवायचं ठरवलं. माणूस आत उभा राहील एवढं पोलादी भांडं आणवलं. भुकटीची पोती मागवली. वापरलेली भुकटी धुतल्यावर धातूचं गढूळ पाणी निघणार होतं. त्यावर शेट्ये म्हणाले, "खाडीत सोडू. ओहोटीबरोबर कुठच्या कुठे जाईल." उद्घाटनाचा दिवस ठरला. शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं त्याच समारंभात सरांचा सत्कार करायचं जाहीर केलं.

समारंभात पाहुण्यांना दाखवायला ताज्या सुया हव्या होत्या. ते काम शमीमकडे आलं. एके सकाळी तिनं घाईघाईनं मांडणी केली. आम्ल घातलं, आच लावली, कोरडी हवा सोडली. दुपारपर्यंत काचेवर सुया लखलखू लागल्या. ती खूश होऊन टेबल आवरायला वळली, आणि हात जागच्या जागी थांबला.

भुकटीची बाटली टेबलावर होती. तिचं सील तसंच होतं.

शमीम भुकटी घालायलाच विसरली होती.

तिला आधी हसू आलं. मग तिनं बाटली उचलून सील पुन्हा पाहिलं. भुकटी नव्हती, तर सुया आल्या कुठून? भांड्याला जुनी भुकटी चिकटून राहिली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तिनं कोरी करकरीत काच घेतली. भुकटी मुद्दाम घातली नाही. सुया आल्या. त्या किती अंशांवर वितळतात तेही तिनं पाहिलं. शंभर नंबरी ॲनहायड्राइड होतं. मग तिनं उलटं करून पाहिलं. भुकटी घातली आणि हवा बंद ठेवली. संध्याकाळी भांड्यात नुसतं आम्ल होतं, जसंच्या तसं.

आता तिला सगळं कळलं. भुकटी गरम होताना दमट होऊन चिकटे, म्हणून सरांनी कोरडी हवा सोडायला सुरुवात केली होती. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या. काम हवा करत होती. सुटलेलं पाणी ती लगोलग बाहेर वाहून नेई, म्हणून ते परतत नसे. भुकटी नुसतीच सोबतीला बसलेली होती. आणि नाव झालं ते भुकटीचं.

त्या दिवसापासून शमीमला चैन पडेना. आधीच पायाला भिंगरी, त्यात आता जिवाची घालमेल. ती भांडी घासायला घेई आणि अर्ध्यावर सोडी. खिडकीपाशी जाई, परत येई. घरी भाजीत दोनदा मीठ पडलं, एकदा अजिबात पडलं नाही. तिचा नवरा इक्बाल गावातल्या शाळेत शिक्षक होता, अबोल आणि शांत माणूस. त्यानं पहिले काही दिवस गुपचूप जेवून घेतलं. शेवटी ताट बाजूला सारून तो म्हणाला,

"काय लपवतेस?"

तिनं सगळं सांगितलं.

"सांगितलंस तर सर मोडून पडतील," इक्बाल म्हणाला. "आणि नाही सांगितलंस तर?"

"तर मी."

"मग आता मला काय विचारतेस?" तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीच्या दाराशी गेली. सर भाषणाची तयारी करत येरझारा घालत होते. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये. तुलाच बोलावणार होतो. या पद्धतीला माझं एकट्याचं नाव बरं दिसत नाही. आठल्ये-मुकादम पद्धत. कसं वाटतं?"

शमीम जे सांगायला आली होती, ते राहूनच गेलं. "आता उशीर झाला" म्हणणारी सगळी तोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली. आठल्ये-मुकादम! ती काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली.

आता तर हाल विचारू नयेत अशी गत झाली. आधी नुसती टोचणी होती, आता त्या टोचणीला नाव लागण्याचा गोडवाही चिकटला होता. गोडव्यानं टोचणी जात नाही, उलट जास्त सलते. शमीम व्हरांड्यातून चालत राही. कुणी "अभिनंदन" म्हटलं की दचके. कारखान्याच्या आवारात भुकटीच्या पोत्यांची थप्पी रोज चढत होती. तिथून जाताना ती मान फिरवून घेई. खाडीत कोळणी गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढत, त्यांच्याकडेही तिला बघवेना. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता समारंभ उद्यावर आला.

त्या सकाळी ती सरांच्या खोलीत शिरली ती बसायलाही थांबली नाही.

"सर, भुकटीशिवाय होतं."

सरांनी चष्मा काढला. "काय होतं?"

"ॲनहायड्राइड. भुकटीची गरज नाही. कोरडी हवा पुरते."

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग त्यांचा आवाज चढला. "भांडं नीट धुतलं नसशील!"

"कोरी काच घेतली होती, सर."

"मग आच जास्त लागली असेल. घाईची सवय आहे तुला!"

"आच तेवढीच होती."

"माझ्या उमेदीची सगळी वर्षं त्या भुकटीत गेली आहेत, शमीम!"

शमीमला रडू फुटेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "तुम्ही स्वतः बघा. मी हात लावत नाही."

सर उठून प्रयोगाच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. स्वतः नवी काच काढली, स्वतः आम्ल मोजलं, स्वतः आच लावली. भुकटीची बाटली शमीमनं उचलून त्यांच्यासमोर पार दूरच्या फळीवर ठेवली. मग दोघं वाट पाहत बसली. बसली कसली, आज दोघांनाही बसवेना. सर काचेपाशी वाकत, मागे होत, पुन्हा वाकत. नळीतून हवा सूं सूं करत होती.

काचेवर पहिली सुई उमटली. केसाएवढी. मग तिच्या शेजारी दुसरी.

सर स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसू लागले.

"एकदा भुकटीशिवाय करून बघायचं, एवढंच होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पोराला मी हेच शिकवतो. मी का नाही केलं, ठाऊक आहे? वेळ नव्हता म्हणून नव्हे. भीती वाटत होती म्हणून."

मग त्यांनी मान वर केली. "तुला कधी कळलं?"

"बरेच दिवस झाले."

"मग गप्प का राहिलीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

"एवढंच?"

सरांची नजर तिच्यावरून हलेना. शमीमनं खाली पाहिलं. मग म्हणाली, "नाही. पद्धतीला माझं नाव लागणार होतं म्हणून."

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "जा आता," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या आवारात मांडव भरला. शहरातले पाहुणे आले. हार आले. शमीम मागच्या रांगेत उभी होती. सर काय करतील, तिला ठाऊक नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. भुकटी असली तरी सुया येणारच होत्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

सर बोलायला उभे राहिले. त्यांनी हार घालून घेतला नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "माझी भुकटी काही कामाची नाही. काम कोरड्या हवेनं होतं. मी ते कधी तपासलं नाही. शमीम मुकादम यांनी तपासलं. आज सत्कार करण्यासारखं मी काही केलेलं नाही."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फिसकन हसलं. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. शेट्ये तर ताडकन उभेच राहिले.

"अहो सर, आणि ही पोती? आख्खी थप्पी लावलीय मी!"

"परत पाठवा."

"आणि पोती परत पाठवून हे भांडं चाललं नाही तर?"

"चालेल. समोर बसून चालवून देतो. नाही चाललं तर सगळ्या गावासमोर मला बोला."

भांडं चाललं. भुकटीशिवाय चाललं, आणि धातूचं गढूळ पाणी खाडीकडे फिरकलंसुद्धा नाही. शेट्ये खूश झाले. पण सत्कार करायला आलेले पाहुणे हार परत घेऊन गेले. शहरातल्या संस्थेचं निमंत्रण पुन्हा आलं नाही. पद्धतीला आठल्यांचं नाव राहिलं नाही, मुकादमांचंही लागलं नाही. कामगार तिला नुसतं "हवेची रीत" म्हणू लागले.

सरांनी रसायनशाळेत येणं सोडलं. शमीम त्यांच्या घरी गेली, तर सर झोपलेत असं आतून उत्तर आलं. पुन्हा गेली, तेव्हाही तेच. गावात लोक म्हणत, "शिष्येनंच गुरूचा घात केला." ती ऐकून घेई. आतली टोचणी गेली होती, पण तिच्या जागी एक रितेपण आलं होतं, आणि त्यापायीही तिला बसवत नव्हतं. खरं बोलल्यावर सगळं लगेच गोड होतं, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं ते मानलं नसतं.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी शमीम नव्या आम्लाची मांडणी करत होती. या आम्लावर हवेची रीत चालत नव्हती. आम्लाचे दोन हात जुळतच नव्हते. ती वैतागून भांड्याभोवती फिरत होती. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. वळून पाहते तो आठल्येसर. थोडे वाळलेले, दाढी वाढलेली. ते आत आले. भांड्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, फळीवर ओळीनं मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. मग बाह्या सरसावत म्हणाले,

"हं, शमीम. बोल, आज काय न घालता बघू या?"

तात्पर्य: ज्याच्याविषयी आदर आहे, त्याला खरं सांगायला कचरू नये, आणि आपल्या सर्वांत लाडक्या समजुतीची परीक्षा आपणच सर्वांत आधी घ्यावी.