गादी

“तुम्ही एक शब्द टाकलात तर गाव ऐकेल. का टाकत नाही, बाबा?”

मठाचे वृद्ध प्रमुख, बाबा, खोलीच्या दारातून बाहेर बघत राहिले.

विचारणारा हेमराज लांजेवार. लहानपणी याच मठात राहून तो शिकला. पुढे शिष्यवृत्तीवर नागपूरला गेला, तिथून दिल्लीला. पुनर्वसनाच्या धोरणावरचं त्याचं पुस्तक आता विद्यापीठांत शिकवलं जात होतं. ते वाचूनच सरकारने त्याला समितीचा अध्यक्ष केलं होतं. आणि समितीपुढचं पहिलं गाव निघालं जांभुळझरी, जंगलातलं, त्याचं स्वतःचं.

गाव उठवून हमरस्त्याला न्यायचं होतं. मात्र गावाची संमती हवी होती. त्यासाठी आज बाहेर मठाच्या मांडवात ग्रामसभा बसली होती. माणसं येऊन बसली होती, आपसांत कुजबुजत होती.

“हेमराज,” बाबा म्हणाले, “खांबापाशी नको बसू. इकडे दाराजवळ ये. वारा आहे.”

तो उठून दाराजवळ बसला.

“नवी घरं पक्की आहेत, बाबा. नळ आहे, शाळा आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. मी स्वतः पाहून आलोय. तरी ही माणसं नाही म्हणतात. का, विचारलं की खाली बघतात.”

“तिथे ऊन येईल आता. भिंतीकडे सरक.”

तो सरकला. जरा नाराजीनेच.

“ज्याला नकाराचं कारण सांगता येत नाही, त्याचा नकार भीतीतून येतो. त्याला समजवावं लागतं. मी हे पुस्तकात लिहिलंय.”

“वाचलंय मी.”

“मग?”

बाबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

हेमराजचा आवाज खाली आला.

“मंजुळा तुम्हाला आठवते ना? साप चावला तेव्हा बाजेवर घालून नेलं तिला. मी बाजेबरोबर पळत होतो. नाल्यापाशी ती म्हणाली, दादा, थंडी वाजते… दवाखाना दिसलाच नाही तिला. मी जे काही लिहिलं ना बाबा, त्या नाल्यापासून लिहिलं.”

“हेमराज.”

“हं?”

“त्या कोपऱ्यात गादी घातलेली आहे. तिथे जाऊन बस.”

हेमराज बघत राहिला.

“मी माझ्या बहिणीचं सांगतोय.”

“ऐकतोय मी. पण तिथे मऊ आहे. टेकायला तक्क्या आहे. जमीन टोचत असेल तुला.”

“नाही टोचत.”

“इथल्यापेक्षा चांगली जागा आहे ती. जा.”

“मला नको, बाबा.”

“का?”

“मी इथे बसलोय.”

“ते दिसतंय. का नको, ते विचारलं.”

हेमराजने तोंड उघडलं. सभांमधून मंत्र्यांना निरुत्तर करणारा माणूस, पण त्याला शब्द सापडेना. कपाळावरची शीर तटतटली.

“असंच! मला इथेच बसायचंय. सारखं उठवू नका मला.”

मांडवातली कुजबुज थांबली.

हेमराज हळूहळू मान खाली घालत गेला…

सरपंच देवकाबाई दारात आल्या.

“साहेब, लोकं वाट पाहून राह्यले. ठरावाचं सुरू करायचं काय?”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. डोळे लाल झाले होते.

“मग काय, या जंगलातच सोडू त्यांना?” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पुन्हा कुणाची तरी बाज निघेल. पुन्हा तो नाला. तुम्ही इथे बसून बघाल, मला नाही बघवणार.”

देवकाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्याच बाजेचा एक खूर त्यांच्या नवऱ्याने धरला होता.

बाबा भिंतीला हात टेकून उठले. उठताना गुडघे कुरकुरले. हेमराज आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी हाताने त्याला बस म्हणून खुणावलं.

ते कोपऱ्यात गेले. वाकले. गादीचं एक टोक धरून ती ओढायला लागले. मध्ये थांबले, दम घेतला, पुन्हा ओढली. हेमराज बसला होता तिथे, त्याच्या शेजारी, त्यांनी ती अंथरली. परत जाऊन तक्क्या आणला. तो भिंतीला नीट लावला.

बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

हेमराजने गादीवर हात ठेवला.

“देवकाबाई,” तो शेवटी म्हणाला, “आज ठराव नको. लोकांना थांबायला सांगा. मी त्यांच्यात येऊन बसतो.”

त्या गेल्या. त्याने डोळे पुसले, आणि धापा टाकणाऱ्या बाबांकडे वळला.

“या वयात तुम्ही कशाला ओढत बसलात, बाबा?”

बाबांनी धोतराची धूळ झटकली.

“फार जड नव्हती रे.”