उंबराखालची एक चप्पल

जांभूळधारेच्या तलावावर शिडाच्या होडीत बसायचं असेल, तर आधी पायातली एक चप्पल काढून काठावरच्या उंबराखाली ठेवावी लागते. दोन नव्हे, एकच. शहरातून आलेले पाहुणे हसतात, पायात महागाचे बूट असले तर जरा कुरकुरतात. मग उंबराच्या पारावर बसलेले लक्षूआबा शांतपणे म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, काठावरनंच फोटू काढा," आणि पाहुणे मुकाट्याने बुटाचे बंद सोडतात. एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात होडीकडे निघालेला साहेब पाहून आबांना दर वेळी नव्याने आनंद होतो. तो ते लपवत नाहीत.

पण होडी सुटण्याआधी आबा सगळ्यांना मान वर करायला लावतात. उंबराच्या वरच्या फांदीला एक जुनी, वाळून काळी पडलेली बायकी चप्पल टांगलेली आहे. तिची हकिगत ऐकल्याशिवाय इथून कुणाला पाण्यात सोडत नाहीत.

असं सांगतात, की फार पूर्वी या पाण्यावर शीड कुणी पाहिलंच नव्हतं. अलीकडे वरची वाडी, पलीकडे खालची वाडी, आणि दोघींचं चराईवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. हिरडा, मध, तूप डोक्यावर घेऊन माणसं अख्ख्या डोंगराला वळसा घालायची, पण एकमेकांच्या काठाला पाय लावायची नाहीत. अशात कोकणातून घाट चढून हिराजी तांडेल नावाचा कोळी इथे आला. समुद्राने त्याची होडी नेली होती म्हणे, आणि पुन्हा म्हणून पाण्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून तो डोंगरात शिरला होता. घाटमाथ्यावर येऊन बघतो तो समोर हे एवढं पाणी! त्याने कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी होडी बांधायला फळ्या शोधू लागला.

शीड उभं राहिलं तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती मायाक्का. ही धनगरीण, नवऱ्यामागे मेंढरं राखणारी, उंबराजवळ तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ. जिभेला हाड नव्हतं. पाण्याला मात्र भयंकर भ्यायची. मेंढरं धुतानासुद्धा घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायची नाही. शीड फडफडलं की तिची मेंढरं उधळायची आणि ती काठावरून ओरडायची, "आरं तांडेला, डोंगरात कापडं कसली वाळत घालतोस!" हिराजीही कमी नव्हता. "बाय, तुझी मेंढरां तरी वाऱ्याक भितत, तू तर पाण्याकच भितंस," म्हणायचा.

हिराजीच्या वहाणांवरून तर ती त्याला जगू द्यायची नाही. चांगल्या करकरणाऱ्या वहाणा होत्या. होडीत बसण्याआधी तो त्या पुसून उंबराखाली जोडीने मांडायचा आणि परतल्यावर त्यांवर चिखलाचा शिंतोडा दिसला तरी काठ डोक्यावर घ्यायचा. हळूहळू दोन्ही वाड्यांनी त्याच्याकडून होड्या बांधून घेतल्या. तांडेल दोन्हीकडे शिकवायचा, आज इकडे जेवायचा, उद्या तिकडे निजायचा. वाड्या एकमेकींशी तरीही बोलत नसत. बोलणं सगळं तांडेलामार्फत.

एका हिवाळ्यात, दुपार कलल्यावर, एकाएकी धुकं उतरलं. घळीतून वाऱ्याचा झोत आला. वरच्या वाडीच्या होड्या वरच्या काठाला लागल्या, खालच्या वाडीच्या खालच्या. तांडेल दिसला नाही, तेव्हा वरची वाडी म्हणाली, खाली जेवायला गेला असेल. खालची म्हणाली, वर गेला असेल. विचारायला कोण जाणार? सगळे घरी जाऊन चुलीपाशी बसले.

मायाक्का मेंढरं आत घेत होती. तिचा कुत्रा खंड्या काहीतरी चघळत होता. बघते तो हिराजीची वहाण. तिला हसू फुटलं. आता हा उद्या किती बोंबलणार, असं मनात येतं न येतं तोच ती थांबली. उद्या कशाला? हा माणूस काठावर असता तर आत्ता बोंबलला असता. ती धावत उंबराखाली गेली. दुसरी वहाण तिथे एकटी होती, पाण्याकडे टोक करून.

ती वरच्या वाडीत गेली. म्होरक्या म्हणाला, "आगं, एका वहानंवरनं मानूस बुडाला म्हनतीस? कुत्र्यानं वढली आसंल." खरंच कुत्र्यानेच ओढली होती, त्यामुळे तिला धड भांडताही येईना. माणसं गंमत बघायला तेवढी तिच्यामागून काठापर्यंत आली.

समोर धुकं आणि पाणी. मायाक्काने आपल्या पायातली एक चप्पल काढली, हिराजीच्या वहाणेशेजारी ठेवली आणि काठाला लागलेल्या होडीत जाऊन बसली.

"आता दोघं पान्यात हाय," ती म्हणाली. "ज्याला घरी जायाचं त्यानं जावं."

मग म्होरक्यानेच खाली मान घालून आपली एक वहाण काढली आणि तिच्या चपलेशेजारी ठेवली. मागोमाग दुसऱ्याने, तिसऱ्याने. बघता बघता उंबराखाली रांग लागली.

होडीत मायाक्का डोळे मिटून, फळी घट्ट धरून बसली होती. पण तोंड बंद ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. चुकलेल्या मेंढरांना घालते तशी हाळी ती घालू लागली. ती हाळी पलीकडे खालच्या वाडीने ऐकली, काय झालं ते ओळखलं, आणि कुणाला काही न विचारता तिकडच्याही होड्या सुटल्या. दोन्हीकडच्या माणसांनी त्या धुक्यात एकमेकांना पहिल्यांदा नावाने हाका मारल्या. अखेर मधल्या खडकाच्या बाजूने क्षीण आवाज आला, "मी मेंढरू न्हाय गो, बाय!" पालथ्या होडीला हिराजी एका हाताने लोंबकळत होता. डोलकाठी लागून दुसरा हात निकामी झाला होता.

काठावर आणल्यावर त्याने आधी वहाणा मागितल्या. उंबराखालची रांग पाहिली मात्र, तो मोठा गडी ढसाढसा रडला. समुद्राकाठी त्याची इतकी वाट कधी कुणी पाहिली नव्हती. "आता मी खय जाऊचो न्हाय," तो म्हणाला. बरा झाल्यावर त्याने दर वर्षी एक होडी बांधली, एकदा या वाडीला, एकदा त्या वाडीला. आणि मायाक्काने नेम घातला: पाण्यात जाणाऱ्याने एक चप्पल इथे ठेवायची, आणि शेवटच्या चपलेला तिचा पाय मिळेपर्यंत कुणी काठ सोडायचा नाही.

मायाक्का आयुष्यात दोनदाच होडीत बसली. दुसऱ्यांदा गेली ती शेवटची, देह ठेवल्यावर, पलीकडच्या तीरावर तिच्या सासऱ्याच्या समाधीशेजारी माती घ्यायला. जाण्याआधी तिने सांगून ठेवलं होतं, "माझी बी एक चप्पल उंबराखाली ठिवा. समद्यांवानी." ठेवली. संध्याकाळी होड्या परतल्या, जो तो आपापली चप्पल घालू लागला. तिची तेवढी राहिली.

कुणीतरी म्हणालं, ही पाण्यात सोडू या. म्हाताऱ्या हिराजीने ती उचलून फांदीला बांधली आणि खाली पारावर बसकण मारली. "नेम तिचोच आसा," तो म्हणाला. "चप्पल आसा तवर काठ सोडूचो न्हाय." तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की या फटकळ बाईने जाता जाता साऱ्यांना कायमचं कामाला लावून ठेवलंय.

त्या दिवसापासून काठ कधी रिकामा राहिला नाही. आज वरच्या वाडीचं घर, उद्या खालच्या वाडीचं, अशी राखणीची पाळी लागली. राखणदारासाठी खोप झाली, खोपीशेजारी होड्यांची शेड झाली, आणि तिथेच पुढे आजचा शिडाच्या होड्यांचा क्लब उभा राहिला. घाटाखालचे, शहरातले, कुठकुठले लोक त्यात आले. सभासद व्हायला उंबराखाली एक चप्पल ठेवली की पुरे. आणि म्हणे, तेव्हापासून या तलावाने एकही माणूस ठेवून घेतलेला नाही. हे आबा छातीठोकपणे सांगतात, कारण त्यांचा स्वतःचा नातू एकदा अशाच धुक्यातून परत आला आहे, पारावर बसलेल्या कुणाच्या तरी डोळ्यामुळे.

आजही संध्याकाळी शिडं उतरली की आबा मोठ्याने विचारतात, "पाय आले का?" काठावरून "आले!" असा गलका होतो. पाहुणे बुटांचे बंद बांधतात, गाड्यांकडे निघतात. एखादा मागे वळून विचारतोच, "आबा, तुम्ही नाही का जाणार घरी?"

आबा वर फांदीकडे बघतात.

"जाईन की," म्हणतात. "आमची मायाक्का तेवढी आली, की निघालोच."