कुसवड्याची बिनकवाडांची धर्मशाळा

कुसवड्याच्या घाटमाथ्यावर काळ्या दगडाची एक धर्मशाळा आहे. भिंती हातभर जाड, कमान डौलदार, उंबरा पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला. पण दाराला कवाडं नाहीत. चौकटीच्या दगडात खोबणी तेवढ्या उरल्या आहेत. आलेला पाहुणा त्यांत बोट घालून विचारतोच, "चोरीला गेली का हो?"

धर्मशाळेची झाडलोट करणारी सोनाक्का मग पदर खोचून पायरीवर टेकते. "चोरी कसली? बसा, सांगते."

फार पूर्वी, असे सांगतात, ही धर्मशाळा हैबती नावाचा माणूस राखत असे. सोबत म्हातारी आई आणि लग्न होऊन नुकतीच आलेली सगुणा. ही सगुणा जात्याच भित्री. पाल चुकचुकली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. त्या दिवशी हैबती एका लेकुरवाळीचं सामान बैलावर लादून तिला घाटाखाली पोचवायला गेला होता. दुपार कलली आणि दरीतून धुकं वर चढलं. बघता बघता अंगणातली तुळससुद्धा दिसेना.

सगुणा दाराच्या फटीला कान लावून बसली. थोड्या वेळाने बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. तिला हायसं वाटलं, आणि लगेच काहीतरी खटकलं. घाटाची वाट उजव्या हाताला होती. घंटा वाजत होती डाव्या हाताला. तिकडे वाट नव्हती, कडा होता.

"अहोऽऽ!" तिने फटीतूनच हाक मारली.

घंटा थांबली. पुन्हा वाजली ती आणखी लांबून.

"अहो, इकडेऽऽ!"

घंटा अजूनच लांब गेली. सगुणा सासूकडे वळली. "आत्याबाई, मी हाक मारतेय आणि हे लांबच का चाललेत?"

म्हातारी भिंत धरधरून आली. "तुझ्या हाकेमुळंच चाललाय तो. अगं, या दरीत जखीण हाका मारते म्हणतात. तिला माणसांची नावं ठाऊक नसतात. धुक्यात बिननावाची हाक ऐकली, की तिच्याकडं पाठ करून चालू पडायचं, हे मीच शिकवलंय त्याला पोरवयात."

"मग तुम्ही मारा ना नावानं!"

म्हातारीने मारली. पण तिचा आवाज थकलेला, उंबऱ्याबाहेरसुद्धा पडला नाही. गाव खाली उतारावर. मदतीला धावून येईल असं जवळ कुणी नव्हतं.

"आता तूच घे नाव."

सगुणा पांढरीफटक पडली. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही घास अडकल्यासारखं. एरवी नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढलं की त्याचं आयुष्य सरतं, असं आईने बजावून पाठवलेलं. "त्यांचं आयुष्य कमी झालं म्हणजे?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"कड्यापर्यंतच उरलंय आता ते! घे म्हणते ना!"

फटीतून आवाज आता तिथवर पोचला नसता, आणि कवाडं ओलीने फुगून बसलेली. दोघींनी खांदा लावला, तसं एक कवाड खोबणीतून निखळून धाडकन बाहेर पडलं. सगुणा केवढी तरी दचकली. पण तशीच त्याच्यावरून पाय टाकून कमानीखाली जाऊन उभी राहिली.

त्या हाकेने आयुष्य कमी झालं की काय, ते सोनाक्का हसत सांगते. हैबती म्हणे पणतवंडांना खांद्यावर घेऊन हिंडला. दुसरं कवाड त्याने आपल्या हाताने उतरवलं आणि दोन्हींच्या फळ्यांचा पाळणा केला. पुन्हा इथे कवाड कुणी बसवलं नाही. आजही धुकं दाटलं, की कुसवड्याच्या बायका या कमानीखाली येतात आणि रानात गेलेल्या नवऱ्यांना खुशाल नावाने हाका मारतात. नवी सून पदर तोंडात धरून लाजते, तेव्हा मागून कुणीतरी म्हणतंच, "जोरात गं! तुझाच आहे ना?"

त्या दिवशी सगुणाच्या मागे मात्र असं म्हणायला कुणी नव्हतं. म्हातारी देवाचं नाव घेत खाली बसली होती. घंटा आता ऐकू येईल न येईल इतकी बारीक झाली होती. सगुणाने डोळे घट्ट मिटले.

"हैबतीऽऽ!"

दगडी कमानीने ती हाक उचलली, घुमवली आणि धुक्यात भिरकावून दिली. घंटा थांबली. ती पुन्हा वाजायच्या आत सगुणाने दुसरी हाक मारली.

"हैबतीऽऽ! अरे, इकडे ये रेऽऽ!"

आणि पार कड्याजवळून, धुक्याच्या पोटातून, भांबावलेला आवाज आला, "ओऽऽ! आलो, आलो! पण कोण गं तू, मला 'अरे' म्हणणारी?"