पहिल्या कपाचा फेस

"कमी काय पडलं, ते तरी सांगाल?"

सारंगचा आवाज चढला होता. त्याने दिलेला कप दोन्या रेमेदियोसने नुकताच अंगणात ओतून टाकला होता.

मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातलं हे गाव. लग्न असो की मयत, इथे प्यायचं चॉकलेट करावं ते या म्हातारीनेच; म्हणून सगळे तिला मानाने 'दोन्या' म्हणत. सारंग पुण्यातल्या बड्या हॉटेलातला शेफ. आठ महिने तिच्या हाताखाली कोको वाटून झाला, पण मान अजून ताठच. मयताच्या घरी तुझं चॉकलेट चाललं, की माझ्या नावाने शिकवायला तू मोकळा, असा तिचा शब्द होता.

आज तो दिवस होता. शेजारच्या एल्विराच्या नवऱ्याला पुरून माणसं तिच्या घरी परतली होती.

"वड्या मी थापल्या. दालचिनी बेताची. दुधाचा थेंब नाही, नुसतं पाणी, तुम्ही शिकवलंत तसं. तळहात सोलून निघेपर्यंत रवी घुसळली. फेस बघितलात?"

"बघितला."

"मग?"

"दाट फेस पहिल्याच कपात उतरतो. तो कप कुणाला दिलास?"

"तुम्हाला. आधी गुरूचा मान. आमच्याकडे तीच रीत आहे."

दोन्या उठली. सारंगचं मनगट धरून तिने त्याला ओढतच आतल्या खोलीच्या दारापर्यंत नेलं.

आत एल्विरा बसली होती. तिच्यापुढचा कप तसाच पडून होता. त्यात फेसाचा टिपूस नव्हता.

"या घरात आज मान कुणाचा?"

आठ महिने राबून चारचौघांत हे ऐकायचं, याची सारंगला भयंकर चीड आली.

त्याने मडकं पुन्हा चुलीवर चढवलं. लाकडी रवी दोन्ही तळहातांत धरून अशी फिरवली की शिंतोडे भिंतीवर उडाले. फेस काठापर्यंत आला. पहिला कप त्याने एल्विरापुढे धरला.

कालपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने एक घोट घेतला. मग दुसरा... आणि ती रडायला लागली.

सारंगने लगेच दारात उभ्या दोन्याकडे मान वळवली.

"आता जमलं?"

"तिच्या ओठावरचा फेस अजून विरला नाही," दोन्या म्हणाली, "आणि तू परत माझ्याचकडे बघतोयस."