बेडकुलीचं क्रोटन रंगलं कसं?

एक होती बेडकुली. बोटाच्या पेराएवढी. राहायची अंगणात, तेलाच्या जुन्या डब्याखाली. डब्यात होतं क्रोटनचं झाड. बुटकं, गुटगुटीत. एक पान पिवळं, एक पान लाल, एकावर ठिपकेच ठिपके! बेडकुली येता-जाता मिरवायची.

एकदा काय झालं? रंग गेले! नवी पानं आली, ती हिरवी. मागून आली, तीही हिरवी. चिमण्या हसल्या, "बेडकुले, मेथी लावलीस का गं?"

बेडकुलीला रडूच आलं.

"क्रोटन क्रोटन, रंग ना! क्रोटन रंगेल, तर मी मिरवेन!"

क्रोटन म्हणालं, "ऊन येईल, तर रंगेन. नाहीतर नाही!"

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कौलावर बसलं होतं ऊन.

"उन्हा उन्हा, खाली ये! ऊन येईल, तर क्रोटन रंगेल. क्रोटन रंगेल, तर मी मिरवेन!"

ऊन म्हणालं, "मध्ये दुपटी आहेत ना! दुपटी सरतील, तर येईन. नाहीतर नाही!"

खरंच की! घरात आलं होतं नवं बाळ. बाळाची दुपटी रोज दोरीवर. फडफड फडफड! खाली सावलीच सावली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"दुपट्यांनो दुपट्यांनो, सरा ना! दुपटी सरतील, तर ऊन येईल. ऊन येईल, तर क्रोटन रंगेल. क्रोटन रंगेल, तर मी मिरवेन!"

दुपटी म्हणाली, "आम्हाला का पाय आहेत? आई उठेल, तर सरू. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ओट्यावर बसली होती आई. मांडीवर बाळ.

"आई आई, ऊठ ना! आई उठेल, तर दुपटी सरतील. दुपटी सरतील, तर ऊन येईल. ऊन येईल, तर क्रोटन रंगेल. क्रोटन रंगेल, तर मी मिरवेन!"

आई म्हणाली, "कशी उठू गं बाई? सकाळपासून ह्यानं भोकाड पसरलंय. बाळ हसेल, तर उठेन. नाहीतर नाही!"

"बाळा बाळा, हस ना! बाळ हसेल, तर आई उठेल. आई उठेल, तर दुपटी सरतील. दुपटी सरतील, तर ऊन येईल. ऊन येईल, तर क्रोटन रंगेल. क्रोटन रंगेल, तर मी मिरवेन!"

बाळ म्हणालं, "ट्यँ! ट्यँ! ट्यँ!"

त्याला कुठे बोलता येतंय!

आता जायचं कुणाकडे? पुढे कुणीच नाही. बेडकुलीनं गाल फुगवले. मारली उडी. टुणुक! थेट बाळाच्या पोटावर! गार गार पाय!

बाळ गप्प. बाळानं डोळे केले मोठ्ठे. आणि... खुदकन हसलं!

बाळ हसलं, आई उठली. आई उठली, दुपटी सरली. पार परसात गेली! दुपटी सरली, ऊन आलं. ऊन आलं, क्रोटन...

लगेच नाही हं रंगलं! एक दिवस गेला. दोन दिवस गेले. बेडकुली आपली बघतेय. आठ दिवस गेले. मग फुटलं इवलंसं पान. पिवळं! मग दुसरं. लाल! मग तिसरं. ठिपकेच ठिपके!

आई आली बाळाला कडेवर घेऊन. "बघ तरी सोन्या, काय रंग चढलाय! कुणी गं बाई केलं हे?"

"डराँव! मी! मी केलं!"

बेडकुली फुगली. अशी फुगली, अशी फुगली, की डब्याखाली मावेचना!