केरबाचा आकडा

“निःशेष म्हणजे काय हो, महाराज?”

हौसानं विचारलं. मांडीवर तिचं पोर तापानं फणफणत होतं. आधीची दोन गेली, म्हणून याचं नावच केरबा ठेवलेलं. केराला कोण उचलून नेतंय, असं सासू म्हणाली होती.

टेकडीखाली जीप उभी होती, तालुक्याच्या दवाखान्याला निघालेली. जाता जाता पोराचा आकडा तेवढा विचारून घ्यावा म्हणून ती मठात चढून आली होती. मठातला शिष्य विश्वंभर नावावरून आणि जन्मवेळेवरून आकडा काढून देई; लोक त्यावरून नशीब ठरवत.

समोरच्या धूळपाटीवर त्यानं बोटानं लिहिलं होतं, ७२०७२०.

“निःशेष म्हणजे काहीच न उरणं!” विश्वंभर खुशीत म्हणाला. “बाई, असला आकडा मी आजवर कुणाचा काढला नाही. दोनानं भागा, सातानं भागा, तेरानं भागा... पार सोळापर्यंत कुणीही येऊ दे, भाग जातोच. बाकी शून्य!”

“शून्य...”

“अगदी शून्य. एवढ्या सगळ्यांनी भाग जाईल असा याच्याहून लहान आकडाच नाही.”

हौसानं मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. कुणीही यावं नि पोर संपवून जावं?

खालून जीपवाल्यानं हॉर्न दिला. ती उठली नाही.

“मग दवाखान्यात नेऊन तरी काय करू?”

विश्वंभर गडबडला. “अहो, मी गणिताचं बोलतोय!”

“व्हय. गणितातबी काही राहत न्हाई म्हणता की.”

भिंतीला टेकून बसलेले म्हातारे गुरू, अंताजीबुवा, उठून आले. धूळपाटीवरचं शेवटचं शून्य त्यांनी अंगठ्यानं पुसलं. तिथं एक काढला.

“आता भाग.”

विश्वंभर भागत गेला. दोनानं... एक उरला. सातानं... एक. तेरानं, सोळानं... प्रत्येक वेळी एक.

“उरतोय ना?”

“उरतोय. पण बुवा, ही लबाडी झाली. हा एक तुम्ही बाहेरून घातलात. पोराच्या आकड्यात तो नव्हताच.”

“नव्हता.”

बुवांनी हौसाकडे पाहिलं.

“बरं. ते पोर घे बघू तिच्याकडनं.”

विश्वंभरनं हात पुढे केले.

हौसा ताडकन उठली. तिनं केरबाला छातीशी असं आवळलं, की कालपासून नुसतं निपचित पडलेलं ते पोर कळवळून रडलं.

“हात लावायचं काम न्हाई! सांगून ठेवते!”

ना पाया पडली, ना अंगारा घेतला. पोराला पदराखाली घेऊन ती उतारावरून जीपकडे धावत सुटली.

विश्वंभर रिकामे हात पसरून तसाच उभा. चेहरा पांढराफटक. जणू एखादी वाघीण अंगावरून गेली.

बुवांनी त्या हातांकडे पाहिलं.

“काय रे, गेला का भाग?”